मोल्दोव्हाचा अक्रोड आणि आपल्याकडचं रोपांचं बुकिंग

‘मोल्दोव्हा हा देश आपल्या मराठवाड्याच्या निम्मा. ना समुद्र, ना मोठे कारखाने. तरी अक्रोड फोडून नुसता मगज युरोपला विकला आणि तिथला शेतकरी करोडपती झाला. सालासकट अक्रोडाच्या दुप्पट भाव! तेच झाड आता आपल्या मातीत. एकरी दहा लाख. रोपांचं बुकिंग चालू आहे.’

हा मेसेज सध्या लातूरपासून हिंगोलीपर्यंत शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. पुढे पाठवणारे आपलेच भाऊबंद, त्यांच्या मनात काही वाईट नाही. पण शेवटचं वाक्य वाचलं की लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळतं. एमूपालन, सफेद मुसळी आणि जत्रोफाची शेती, सगळं असंच आलं होतं.

आकाराचं खरं आहे. मोल्दोव्हा साधारण 33,800 चौरस किलोमीटर, मराठवाडा 64,500 च्या आसपास. समुद्रकिनारा नाही हेही खरं. पुढचं मात्र एकेक करून बघू.

करोडपती? मोल्दोव्हा आजही युरोपातल्या गरीब देशांत मोजला जातो. लाखो माणसं कामासाठी इटली, जर्मनी, रशियात गेलेली आहेत आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर कितीतरी गावं चालतात. मगजाची निर्यात मोठी आहे, पण देशाच्या कमाईत धान्य, सूर्यफूल, वाइन आणि गाड्यांच्या वायरिंगचाही वाटा आहे. बागा सगळ्याच नव्या आहेत असंही नाही. सोव्हिएत काळात रस्त्याकडेला लावलेली अक्रोडाची झाडं तिथे आधीपासून होती. 1999 मध्ये सरकारने अक्रोडासाठी वेगळा कायदा केला, त्यानंतर नव्या बागा वाढल्या. म्हणजे आजोबांनी लावलेल्या झाडांवर नातवांनी धंदा उभा केलाय. मेसेजात हे येणार नाही, कारण आजोबांचं बुकिंग करता येत नाही.

आता दुप्पट भाव. इथे कागद-पेन्सिल घ्या. चांगल्या अक्रोडात कवचासकट वजनाच्या 40 ते 50 टक्के मगज निघतो. 45 धरला तर एक किलो मगजाला सव्वादोन किलोच्या आसपास अक्रोड फोडावे लागतात. म्हणजे दुप्पट भावात फोडलेल्या अक्रोडाची किंमतसुद्धा निघत नाही, मजुरी तर पुढेच राहिली. मगजात पैसा आहे तो फोडण्याच्या कसबात. कवच शिवणीवर नेमकं फोडायचं, म्हणजे मगज दोन अखंड फाकांत निघतो. फाक अख्खी तर भाव एक, पाव तुकडा झाला तर दुसरा, चुरा झाला की बेकरीवाल्याचा. त्यावर रंग. फिकट पिवळसर मगज वरच्या प्रतीत जातो, तपकिरी खाली, काळपट तेलाच्या घाण्याला. झाडाखाली पडलेली फळं ओल्या जमिनीवर दोन-चार दिवस राहिली, कवचावरची हिरवी साल वेळेवर काढली नाही, की रंग गेलाच. वाळवतानाही ऊब 43 अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि मगजातलं पाणी 5 टक्क्यांच्या आत आणायचं. मोल्दोव्हात हे फोडण्याचं काम हिवाळ्यात घरोघरी, बरंचसं हाताने होतं आणि व्यापारी मगज गोळा करतात. आपल्याकडे बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही: मगजाचा भाव आणि फोडणारीची मजुरी यांची गाठ क्वचित पडते.

समुद्र नसताना निर्यात कशी, याचं उत्तर नकाशात आहे. शेजारी रोमानिया, तो 2007 पासून युरोपीय संघात. माल ट्रकमध्ये भरला की जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया दारात. सवलतीचा करार नसलेल्या देशांच्या मगजावर युरोप 5.1 टक्के शुल्क घेतो. 2014 च्या करारानंतर मोल्दोव्हाला ते माफ आहे. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून कंटेनर पाठवणाऱ्याला ही जवळीक मिळत नाही.

‘आपल्या मातीत’ हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण अडचण मातीची नाहीच. अक्रोडाला हिवाळ्यात झोप लागते. बहुतेक व्यापारी जातींना 7 अंशांखालची 600 ते 1000 तासांची थंडी हवी, नाहीतर फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब, नीट फुटत नाहीत आणि फळ धरत नाही. परभणीत एखाद्या पहाटे पारा पाच-सहावर उतरतो, पेपरात फोटोही येतो. अशा वीस रात्री धरा, रात्रीला चार तास धरा. झाले 80. भारतातला 90 टक्क्यांहून जास्त अक्रोड जम्मू-काश्मीरचा आहे, तो उगाच नाही. आणि उन्हाळा? 2022 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट आली, झाडावरच मगज काळवंडला, भाव कोसळले, लोकांनी बागा उपटल्या. तसलं ऊन आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नवं नाही.

राहिला दुकानातला भाव, ज्याच्यावर एकरी दहा लाखांचा हिशेब उभा केलाय. बाहेरून येणाऱ्या सालासकट अक्रोडावर भारताने कित्येक वर्षं 100 टक्के आयात शुल्क लावलंय. अमेरिकी मालावर 2019 ला आणखी 20 टक्के चढवले होते, ते 2023 मध्ये काढले. लातूरच्या गंजगोलाई बाजारात तुम्ही मोजता त्या पैशात ते शुल्क, शीतगृहाचं भाडं आणि मधल्या सगळ्यांची टक्केवारी असते. बागवानाच्या हातात पडणारा भाव तो नव्हे.

‘लावू नका, सालासकट आणा, इथे फोडा आणि मगज बाहेर पाठवा,’ असं म्हणणाऱ्याचं बोलणं मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. निर्यातीसाठी आणलेल्या कच्च्या मालाला शुल्कात सूट मिळू शकते. पण मगजात 60 टक्क्यांहून जास्त तेल, थंडाव्यात ठेवला नाही की खवट. युरोपात थेट खाण्याच्या मगजात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅमच्या आत लागतं. शीतगृह, प्रयोगशाळा आणि तिकडचा ग्राहक आधीच हाताशी असलेल्या व्यापाऱ्याचा हिशेब कदाचित बसेल. दोन एकरवाल्याचा नाही.

बुकिंगचे पैसे कुणी भरलेच असतील तर पावतीवर जातीचं नाव, कलम की बियांचं रोप, आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्या. फळझाडांच्या रोपवाटिकेला राज्यात परवाना लागतो, आणि उद्या कृषी कार्यालयात तक्रार द्यायची वेळ आली तर ‘ग्रुपवर मेसेज आला होता’ एवढ्यावर कुणी विचारणार नाही.