तीन शिट्ट्या आणि एक इटालियन

मुलगी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेली आणि मी निरक्षर झालो.

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायच्या वायरलेसवर, माणसं नुसती बोलत नाहीत, लिहितातही. अक्षरांचे सूर करायचे, ते हवेत सोडायचे आणि पलीकडच्यानं त्या सुरांची परत अक्षरं करायची. हे दोन्ही उद्योग इतकी वर्षं तो लॅपटॉप निमूट करत होता. तो गेल्यावर १४.०७० मेगाहर्ट्झवर नुसती थरथरती शिट्टी उरली. कुणीतरी काहीतरी सांगतंय एवढंच कळायचं, काय ते नाही.

“बाबा, फोनवर अ‍ॅप असतं,” मुलगी म्हणाली. लॅपटॉप परत द्यायचा विषय तिनं तिथंच मिटवला.

अ‍ॅप होतं. रेडिओ आणि फोन जोडायची वायर नव्हती. मग फोन सरळ रेडिओच्या स्पीकरला टेकवून ठेवला. रेडिओ गातो, फोन ऐकतो, पडद्यावर अक्षरं उमटतात. पाठवताना उलट, रेडिओचा माइक फोनच्या तोंडाशी धरायचा. अट एकच, खोलीत दुसरा आवाज नको. आता हे नाशिकच्या इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी साडेसातला कसं जमवायचं, ते अ‍ॅपमध्ये लिहिलेलं नव्हतं.

पद्धत होती पीएसके३१. पीटर मार्टिनेझ या इंग्लंडच्या हॅमनं १९९८ च्या सुमारास ती जगापुढे आणली. वेग सेकंदाला ३१.२५ बिट, म्हणजे साधारण माणसाच्या टायपिंगला पुरेल इतकाच. वारंवार लागणाऱ्या अक्षरांना त्यानं आखूड खुणा दिल्या. लहान ‘ई’ दोन बिटांत उरकतो, ‘टी’ तीन. कॅपिटल अक्षरं लांबलचक, त्यामुळे सगळं कॅपिटलमध्ये लिहिणारा आपोआप मागे पडतो. (ही सोय आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हायला हवी.) पण याची दुसरी बाजू अशी की अ‍ॅपला कुठलाही गोंगाट ऐकवा, त्यात त्याला ई, टी आणि ओ हीच मंडळी दिसतात.

पहिल्याच संध्याकाळी कझाकस्तानातला एक जण सापडला. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, स्वच्छ आला, सिग्नल खणखणीत. ‘माझं नाव’ इथपर्यंत त्यानं लिहिलं आणि आमच्या कुकरची पहिली शिट्टी झाली. पडद्यावर उमटलं, ई टी ई ओ टी टी ई. आता मध्य आशियातली नावं आपल्याला कुठं ठाऊक असतात? मी लॉगबुकात ‘एटिओट्टी’ लिहून घेतलं. दुसऱ्या शिट्टीत त्याचं गाव गेलं, तिसरीत हवामान. मी सगळ्याला ‘व्हेरी नाइस’ म्हणालो.

“अगं, जरा गॅस बारीक करतेस का? कझाकस्तान लागलंय!”

“लागू दे. डाळ शिजायचीय.”

दुसऱ्या दिवशी गोधडी काढली. रेडिओ, फोन, माइक आणि मी, असे चौघं एका गोधडीत. महिना मे. रेडिओचा पाठीमागचा पंखा जी गरम हवा फेकत होता, ती माझ्या मांडीवर येत होती. शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनी आतून येणारी शिट्टी ऐकली, गोधडी हलताना पाहिली आणि हिला हळूच विचारलं, “भाऊजींना वाफारा देताय का?”

गोधडीनं कुकर अडवला, पण फोन अडवता येईना, कारण तो आतच होता. रविवारी एका इटालियनला माझी माहिती पाठवत होतो. हात मोकळे राहावेत म्हणून व्हॉक्स लावलेला. व्हॉक्सवर रेडिओ आवाज ऐकला की स्वतःच प्रक्षेपण सुरू करतो. आणि त्याच वेळी मालेगावच्या मावशीचा फोन आला. माझी रिंगटोन देवळाच्या घंटेची. ती घंटा चांगली वीस वॅटनं, गच्चीवरच्या दहा मीटर तारेतून, थेट युरोपच्या दिशेनं गेली. हॅमच्या बँडवर संगीत वाजवायची मनाई आहे. घंटा संगीतात धरतात की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. मी घामाघूम होऊन फोन कापला. इटालियनचं उत्तर आलं, “तुमच्याकडेही चर्च जवळच आहे वाटतं?”

तेव्हापासून फोन फ्लाइट मोडवर. मावशी तेव्हापासून रुसलेली आहे.

मग एफटी८ करून पाहिलं. २०१७ साली आलेली ही पद्धत करणाऱ्या दोघांतले एक जो टेलर. यांना १९९३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालंय. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या. घड्याळ अचूक हवं, आपली पाळी आली की १२.६४ सेकंद सूर सोडायचे आणि गप्प बसायचं. हिच्या कुकरखालीसुद्धा दबलेला सिग्नल ती बरोबर उचलते. पण गप्पा शून्य. कॉलसाइन, चौकटीचा क्रमांक, सिग्नलचा आकडा, रामराम. जेवलात का, पाऊस पडला का, काही नाही.

त्या चौकटीची मात्र गंमत कळली. हॅम लोकांनी जग चौकटींत वाटून घेतलंय आणि वीस अंश अक्षांशाची रेघ नेमकी नाशकातून जाते. आमचं इंदिरानगर एमके६९ मध्ये आणि पंचवटी एमएल६० मध्ये. पंचवटीतले माझे एक ज्येष्ठ हॅम काका तेव्हापासून माझ्याशी परराज्यातल्या माणसासारखे बोलतात.

कॉम्प्युटरशिवाय भागवतो म्हणून मी मिरवत होतो, त्यांनीच माझी हवा काढली. “कॉम्प्युटरशिवाय करतोय म्हणे. आणि ओएम, तो फोन काय गवताचा आहे?” (ओएम म्हणजे ‘ओल्ड मॅन’, हॅम लोकांचं ‘मित्रा’.)

ते खरं कॉम्प्युटरशिवायवाले. त्यांच्याकडे केएक्स३ नावाचा वहीएवढा रेडिओ आहे. त्याला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या तारेच्या लिपीची, पट्टी जोडायची आणि बोटांनी कट्ट-कड वाजवायचं. आतल्या आत तो त्याचं पीएसके३१ करून पाठवतो, आणि आलेला मजकूर त्याच्याच चिंचोळ्या पडद्यावर सरकतो. माइक नाही, गोधडी नाही, कुकर कितीही बोंबलो.

“कर,” म्हणाले.

हॅमच्या जनरल दर्जाच्या परवान्याच्या परीक्षेला मिनिटाला आठ शब्द मोर्स लागतो. मी तो पास झालोय, कागद आहे. पण मोर्सचं पोहण्यासारखं नसतं, ते विसरतं. मी गावाचं नाव पाठवायला घेतलं. एन गेला, ए गेला, तीन टिंबांचा एस गेला. एचला चार टिंबं. बोट घसरलं, पाच पडली. पाच टिंबं म्हणजे आकडा पाच. पडद्यावर ‘नास५िक’.

“एच सोडूनच द्यायचास,” काका म्हणाले. “जुन्या इंग्रजी स्पेलिंगात नव्हताच.”

केएक्स३ची किंमत त्यांना विचारली. घरी सांगितली नाही.

तेव्हा सध्या गोधडीच. हिनं एक सवलत दिली आहे, ती स्वयंपाकघरातून ओरडते, “दोन झाल्या, एक राहिली!” तेवढ्यात मी माझं वाक्य पुरं करायचं. परवा तोच कझाक पुन्हा भेटला. मी लॉगबुक उघडून प्रेमानं लिहिलं, “नमस्कार, एटिओट्टी!”

बराच वेळ नुसती रिकामी थरथर. मग तो लिहायला लागला, “नाही हो, माझं नाव...”

“अहो, तिसरी होतेय!”

ई टी टी ओ ई टी.