वाफ झालेल्या पाण्याचं गटारभाडं

मुंबईतल्या एखाद्या ऑफिस इमारतीचं पाण्याचं बिल हातात घ्या. वर जल आकार, त्याखाली मलनिःसारण आकार. हा दुसरा आकडा मोजला कुणी? कुणीच नाही! गटारात किती पाणी गेलं हे मोजणारं मीटर त्या इमारतीत नसतंच. जल आकाराचे सरळ 70 टक्के काढायचे आणि खाली मांडायचे. पाण्याचे 100 झाले की भरायचे 170.

घरात हे एकवेळ समजू शकतं. आंघोळ, भांडी, कपडे, फ्लश, जे आत येतं ते जवळजवळ सगळं ड्रेनेजलाच जातं. पण मोठ्या ऑफिस इमारतीच्या गच्चीवर बऱ्याचदा कूलिंग टॉवर असतो, म्हणजे एसीची उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकणारा मनोरा. या पाण्यावर चालणारं एसीचं मुख्य यंत्र, म्हणजे वॉटर-कूल्ड चिलर, पूर्ण लोडवर असेल तर एका टनामागे (टन हे इथे थंडाव्याच्या क्षमतेचं माप) तासाला साधारण साडेसहा लिटर पाण्याची वाफ होते. 200 टनांचा प्लान्ट 10 तास चालला की 13,000 लिटर, म्हणजे रोजची 13 युनिटं. महिन्याचे 26 दिवस धरले तर 338 युनिटं. यातला एक थेंब मॅनहोलपर्यंत पोचत नाही. आणि टॉवर महापालिकेच्या पाण्यावर भरत असाल तर या प्रत्येक युनिटावर गटाराचे पैसे मोजायचे, तेही बिगरनिवासी दराच्या 70 टक्क्यांनी. कशासाठी? वाफ वाहून न्यायला कुठली पाइपलाइन टाकली आहे?

इंग्लंडमध्ये व्यावसायिक ग्राहकाला न परतणाऱ्या पाण्याची सूट मागता येते. मेकअप लाइनवर, म्हणजे टॉवरमध्ये कमी झालेलं पाणी भरून काढणाऱ्या पाइपवर, सबमीटर लावा, रीडिंग दाखवा, तेवढं पाणी गटाराच्या हिशोबातून वजा. यात अवघड काय आहे? एक मीटर आणि एक नोंदवही. आपल्याकडे टक्केवारी ठरवली की पुढे विचारच थांबतो.

सूट मिळो न मिळो, ते सबमीटर आजच लावा. टॉवरच्या मेकअप लाइनवर, बॉल व्हॉल्व्हच्या आधी, पुढेमागे सरळ पाइप सोडून. रोज ठरल्या वेळी रीडिंग लिहा. कित्येक ठिकाणी पैसे वाफेपेक्षा ब्लोडाउनमध्ये, म्हणजे टॉवरमधून मुद्दाम सोडून दिलेल्या खारट पाण्यात, बुडत असतात, आणि त्याकडे कुणी बघत नाही याचाच जास्त संताप येतो. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सोडावंच लागतं. पण किती? क्षार दुप्पट झाल्याबरोबर सोडत असाल तर 13,000 लिटर वाफेमागे आणखी 13,000 लिटर ड्रेनमध्ये जातं. केमिकल ट्रीटमेंट नीट ठेवून क्षार चौपट होऊ दिले तर तेच 4,300 लिटरवर येतं. रोजचे 8,700 लिटर वाचतात! ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून घरी जाणारे ऑपरेटर आणि कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यात क्षार किती वाढले ते सांगणारा आकडा, कधीही न तपासणारे मेंटेनन्स ठेकेदार, दोघांनाही जाब विचारा.

बॉल व्हॉल्व्हही बघा. तरंगणारा गोळा सैल झाला किंवा वॉशर झिजलं की रात्रभर ओव्हरफ्लोमधून धार चालू राहते. गच्चीवर कुणी फिरकत नाही, आणि पत्ता लागतो तो थेट बिलावरून.

मुख्य मीटर बंद पडलं तर आणखी वेगळा जाच. सरासरीने बिल येतं. सरासरी कुठल्या महिन्यांची? गळती चालू असलेला महिना त्यात असेल तर ती गळती दुरुस्त होऊनही पुढच्या बिलांत वाहत राहते. म्हणून दर महिन्याला मीटरच्या आकड्यांचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. काळे आकडे युनिटांचे, लाल त्याखालच्या लिटरांचे. सुट्टीच्या दिवशी सगळे नळ आणि टाकीचा इनलेट बंद करून, लाइनला दाब असताना मीटरची चकती बघा. ती फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये पाइप गळतोय. ते पाणी जमिनीत मुरतंय, गटारात नाही, आणि 70 टक्के त्यावरही लागतायत.