दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून?

"दुधाचेच तर दात आहेत मॅडम, पडणारच आहेत." पहिलीच्या पालकसभेत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं आणि दरवर्षी मला तितकंच वाईट वाटतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी दाढ किडली तर त्या लेकराने पुढची सहा-सात वर्षं तिच्यावरच जेवायचं का?

ते जेवण कसं असतं, हे आम्हाला मधल्या सुट्टीत दिसतं. बाकीची पोरं ताटं धुऊन खेळायला पळालेली असतात आणि एखादं पोर अजून खिचडीतले मटकीचे दाणे एकाच बाजूने हळूहळू चावत बसलेलं असतं. रात्रभर दाढ ठणकलेली असली की सकाळी पाढे म्हणताना डोळे मिटतात. घरचे सांगतात, "खातच नाही हो, अंगच धरत नाही." तोंड उघडून बघावं तर दोन्हीकडे काळे खड्डे. मग कुणी लवंग धरायला सांगतं, कुणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडणाऱ्याकडे नेतं. दातात अळ्या नसतात हो! पाडून दाखवतात ते किडे दाढेतले नसतात, आणि दाढ तशीच कुजत राहते.

दातांवर जो चिकट थर साचतो त्यात जंतू असतात. साखर किंवा मैदा मिळाला की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि ते दाताचं वरचं कठीण कवच विरघळवतं. खाणं थांबलं की लाळ हळूहळू हे आम्ल निवळवते, झीजही थोडीफार भरून काढते. त्यासाठी तिला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून गोड किती खाल्लं याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, किती वेळा खाल्लं हे बघावं लागतं. जेवणानंतर एक लाडू खाल्लेला चालेल. पाच रुपयांचा बिस्किटपुडा सकाळपासून दुपारपर्यंत एकेक करून पुरवलेला चालत नाही. गुळाची चिक्कीही दाताला साखरच, आणि वर चिकटून राहणारी.

झोपेत लाळ फारच कमी होते. त्यामुळे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या दातांवर जीभ असते, ते बरेचदा वाचतात. आज घरी लहान मूल असेल तर खिडकीशी उजेडात न्या आणि त्याचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर कीड थांबवता येते, दाताचं कवच पुन्हा कठीण होऊ शकतं. तपकिरी खड्डा पडला की घासून काही भरून येत नाही.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ती कायमची दाढ असते, आयुष्यभराची! वरून तिच्यावर खोल खाचा असतात, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि दुधाची समजून तीच सर्वात आधी किडू दिली जाते. दुसरी-तिसरीतल्या मुलांची ही दाढ काढायची वेळ आलेली पाहिली की जीव तुटतो.

ब्रश मुलाच्या हातात देऊन "घास रे नीट" म्हणणं पुरत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्याने घासून द्यावं. मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवा, म्हणजे आतल्या दाढा दिसतात. सकाळी घासताच, पण एक वेळ निवडायचीच झाली तर रात्रीची निवडा, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नको.

पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दाताचं कवच कठीण ठेवणाऱ्या क्षाराची हवी, 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपासची. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. फेस थुंकायला लावा, पण लगेच खळखळून चूळ भरायला लावू नका, सगळं फ्लोराइड धुऊन जातं. आपल्याकडे ही सवय मोडणं अवघड आहे, तरी मोडा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. बाकीच्यांनी भिऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइड पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहे.

आज्ज्यांनाही हात जोडून विनंती, नातीसमोर मशेरी लावू नका. ती जळका तंबाखू आहे, त्याने दात स्वच्छ होत नाहीत आणि मुली बघून शिकतात. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, दातही बघतं. पुढे दाखवायला सांगून दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका. ती घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या जवळ असाल तर सरकारी दंत महाविद्यालयात जा. खड्डा लहान असेल तर दाढ भरून वाचते. आणि मूल सहा-सात वर्षांचं असेल तर त्या नव्या दाढेच्या खाचा बुजवायला सीलंट लावता येईल का, हे तुम्ही स्वतःहून विचारा. त्याला इंजेक्शन लागत नाही, दुखत नाही, थोड्या वेळात काम होतं.