बीटा ब्लॉकरच्या गोळ्यांबद्दल खुलासा

बीपी आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर या औषधांबद्दल ‘बीटा ब्लॉकर हृदय कमकुवत करतात आणि दमा वाढवतात, बीपी नॉर्मल आलं की त्याच दिवशी बंद करा’ असा मेसेज फिरतोय. पाठवणाऱ्यांना काळजीच आहे, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

हृदयाच्या पेशींवर बीटा-१ रिसेप्टर, म्हणजे शरीरातले संदेश पकडणाऱ्या जागा, असतात. ॲड्रेनलिन हे ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरक त्यांना जोडलं गेलं की ठोके वाढतात. गोळी ती जागा नुसती अडवून ठेवते. हृदय कमकुवत होण्याचं म्हणाल, तर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सिबिस-२ चाचणीत हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणाऱ्या) रुग्णांमधले मृत्यू बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले.

खरा धोका एकदम थांबवण्यात आहे. रिसेप्टर बरेच दिवस अडलेले राहिले की पेशी त्यांची संख्या वाढवते. मग गोळी अचानक सुटली की ॲड्रेनलिनला नेहमीपेक्षा जास्त रिसेप्टर मोकळे सापडतात. धडधड होते, बीपी उसळतं; हृदयविकार असेल तर अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), प्रसंगी हार्ट ॲटॅकही. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

दम्याबद्दलचं मात्र अगदीच खोटं नाही. श्वासनलिकांवर बीटा-२ रिसेप्टर असतात; ते अडले की नलिका आकसू शकतात, आणि प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर दोन्ही प्रकार अडवतो. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः बीटा-१ वर काम करतात, पण डोस वाढला की हा फरक पुसट होतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा, आणि कुणी गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करायला सांगा.