मॅडम, क्लच पूर्ण दाबता ना?

गाडी पुढे जाताना काय आवाज करते याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नसतं, पण रिव्हर्स टाकताना 'खर्रर्रर्र' झालं की अख्खी सोसायटी मेकॅनिक होते. त्यात आमची सोसायटी सिंहगड रोडवरची, स्टिल्ट पार्किंग, वर स्लॅब खाली फरशी, त्यामुळे तो आवाज पार्किंगात निघतो आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन येतो. आणि गाडी चालवणारी बाई असली तर निदानासाठी बॉनेट उघडायचीसुद्धा गरज नसते.

"मॅडम, क्लच पूर्ण दाबता ना?"

हे मला वॉचमनने विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, आणि कहर म्हणजे नवऱ्यानेही विचारलं, ज्याच्याकडे लायसन आहे ते फक्त टू-व्हीलरचं, तेही गिअरलेसचं. दाबते हो पूर्ण. बारा वर्षं जुनी हॅचबॅक आहे, तिचा क्लच पूर्ण दाबल्याशिवाय लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊन दाखवा कुणी.

काकांचं पुढचं निदान तयार होतं. "सिंक्रो गेला बघ रिव्हर्सचा. जोरात टाकतेस ना!"

आता गंमत अशी की माझ्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाहीच, मग जाणार काय, कप्पाळ? पुढच्या पाचही गिअरना असतो. पितळेची एक रिंग असते, ती गिअर पडायच्या आधी फिरणाऱ्या दोन भागांचा वेग जुळवून घेते, म्हणजे धावती लोकल पकडणारा आधी प्लॅटफॉर्मवर तिच्याबरोबर चार पावलं धावून घेतो तसं. १९२८ मध्ये कॅडिलॅकने हे सिंक्रो प्रकरण आणलं, त्याच्या आधी ड्रायव्हर लोक डबल क्लच मारून, म्हणजे एकेका गिअरला दोनदा क्लच दाबून, स्वतःच वेग जुळवायचे. बऱ्याच स्वस्त आणि जुन्या गाड्यांमध्ये रिव्हर्सला मात्र हे लाड नाहीत, हिशोब असा की रिव्हर्स टाकताना गाडी उभीच असणार, कशाला खर्च करा. गाडी उभी असते हो, पण इंजिन चालू असतं ना! क्लच दाबल्या दाबल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून फिरणारा दांडा, काही लगेच थांबत नाही, थोडा वेळ गरगरत राहतो, आणि तो गरगरत असताना तुम्ही रिव्हर्सचा आयडलर गिअर, म्हणजे दिशा उलटवणारं मधलं चाक, त्यात सरकवला की दातावर दात. तोच खर्रर्र.

म्हणून घाई केल्यावर कधीमधी आवाज आला तर तो आजार नाहीच, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबायचं, नाहीतर आधी एखादा पुढचा गिअर टाकायचा, त्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवतो, आणि मग रिव्हर्स. फुकटचा उपाय आहे. पण मी चांगली "एक, दोन, तीन, चार, पाच" अशी मोजून थांबले तरी खर्रर्र येतच होता, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर पहिला गिअरपण हल्ली जरा कुरकुरत पडत होता. म्हणजे शाफ्टला थांबायला वेळ कमी पडत नव्हता, त्याला कोणीतरी आतून फिरवतच होतं. माझा संशय क्लचवर गेला. पायाने दाबला तरी तो पूर्ण सुटत नसावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून नीट वेगळे होत नसावेत.

जवळच्या एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने गाडी चालवून बघितली नाही, माझ्याकडेपण बघितलं नाही, शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, प्लेट गेलीय. क्लच सेट टाकू, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, दहा हजार धरून चला." नवरा गंभीरपणे मान हलवत होता, जसं काही त्याला प्लेट म्हणजे नक्की कुठली ते कळलंय. मी विचारलं, प्लेट घासली असेल तर क्लच घसरायला पाहिजे ना, म्हणजे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडणार आणि गाडी जागची हलणार नाही, मी तर मागच्याच रविवारी कात्रजच्या जुन्या घाटातून चार माणसं घेऊन आले, मजेत चढली. घसरतो तो क्लच वेगळा आणि सुटत नाही तो वेगळा, दोन उलट टोकाचे आजार. त्यावर तो नवऱ्याला म्हणाला, "मॅडम यूट्यूब बघतात वाटतं."

बघते की. बघायला बंदी आहे का?

घरी येऊन आधी ड्रायव्हरच्या पायाखालची ती जाड सेव्हन-डी मॅट काढून टाकली, कारण तिचा कोपरा पेडलखाली आला तर क्लच खालपर्यंत जातच नाही. फरक शून्य. मग इंजिन बंद करून रिव्हर्स टाकला, लोण्यासारखा पडला, म्हणजे गिअरचा लिव्हर, त्याची केबल, बुश वगैरे मंडळी निर्दोष. मग इंजिन चालू करून क्लच भराभर तीन-चार वेळा पंप केला आणि लगेच रिव्हर्स टाकला. गपचूप पडला! टिचकीचासुद्धा आवाज नाही. वॉचमन उठून बघायला आला, त्याला वाटलं गाडी बंद पडली.

तर एवढ्यावर जवळजवळ उत्तर मिळालंच होतं. माझ्या गाडीचा क्लच केबलवर नाही, हायड्रॉलिक आहे, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकललं जातं आणि ते पुढे गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलेंडरला ढकलतं, आणि तो क्लच सोडवतो. त्या लायनीत हवा शिरली किंवा कुठे गळती असली की पेडल तुम्ही दाबता पूर्ण, पण निम्मी मेहनत हवेचे बुडबुडे दाबण्यात जाते. पंप केल्यावर तेवढ्यापुरतं प्रेशर तयार होतं, म्हणून शहाण्यासारखा गिअर पडतो. बॉनेट उघडून टाकी बघितली तर ऑइल मिनिममच्या खाली, आणि स्लेव्हचं रबरी बूट बोटाने जरा मागे सारलं तर आत ओलं, काळपट, चिकट. मी ते बोट नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "आता हात धुवून ये."

दांडेकर पुलाकडे एक छोटं गॅरेज आहे, तिथल्या दादांना फोनवर सगळं सांगितलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत, शेवटी फक्त म्हणाले, "ताई, नाना पेठेतनं स्लेव्ह घेऊन येतो, पार्किंगातच बदलू." आले. तासाभरात जुना काढून नवा बसवला. आता लायनीतली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात, एकाने वर बसून क्लच मारायचा आणि दुसऱ्याने खाली निपल उघडून बाटलीत ऑइल सोडायचं. दादांचा पोऱ्या ढोलपथकाच्या सरावाला गेलेला. मी टाकीत ऑइल ओतत होते. नवऱ्याने डावीकडचं पेडल कुठलं असं विचारल्यावर दादांनीच त्याला बाजूला केलं. राहिले काका, जे मघापासून लुंगी सावरत सुपरवायझरी करत होते.

काका ड्रायव्हर सीटवर बसले. "दाबा!" दाबलं. "धरून ठेवा!" धरलं. खाली पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे सर्रकन आले. नियम एकच, दादा निपल आवळून "सोडा" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा परत आत. आणि बरोबर त्याच क्षणी काकूंनी गॅलरीतून हाक मारली, काकांनी वर बघितलं आणि पाय सोडला.

"ओ काका!!"

सगळं पहिल्यापासून. पुन्हा एकदा काकांना शिंक आली. पण तिसऱ्यांदा त्यांनी जे पेडल धरलं ते धरलं, दादा निपल आवळून हात पुसायला लागले तरी काका दात आवळून तसेच. मी खिडकीत वाकून अगदी प्रेमाने विचारलं, "काका, क्लच पूर्ण दाबलाय ना?"

काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग मी बसले, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, एका दमात रिव्हर्स टाकला. खर्रर्र गायब. गाडी खांबांच्या मधून मागे घेतली, इतक्या शांतपणे की वॉचमनने शिट्टीपण मारली नाही. काका मात्र कान देऊन ऐकत होते. "थांब थांब," म्हणाले, "हा ऊंऽऽऽ असा आवाज येतोय तो कसला? डिफरन्शियल गेलं वाटतं."

मी सांगितलं, काका, पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, ते अलगद एकमेकांत बसतात म्हणून आवाज नाही. रिव्हर्सचे दाते सरळ, ते असेच रडत फिरतात, शोरूममधून आणली त्या दिवशीपण रडत होते.

"तरी एकदा दाखवून घे," काका म्हणाले. "आणि मिस्टरांना सांग, रिव्हर्स जरा हळू घेत जा."