१९३० नंतरचा आयवर्क्स राहून गेला

डिस्नेचा सुरुवातीचा अ‍ॅनिमेटर अब आयवर्क्स याच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण डिस्ने सोडल्यावर त्याची कारकीर्द संपली, असं जे त्यात म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. १९२८ साली मिकीचा पहिला चित्रपट 'प्लेन क्रेझी' त्याने जवळजवळ एकट्याने रेखाटला. दिवसाला ७०० चित्रं काढायचा असं सांगतात! पुढच्या वर्षीच्या 'द स्केलेटन डान्स'मधले नाचणारे सांगाडे आजही बघावेत, प्रत्येक हाड संगीताच्या ठेक्यावर हलतं.

१९३० मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथली त्याची 'फ्लिप द फ्रॉग' ही कार्टून मालिका फारशी चालली नाही, हे खरं. पण १९४० मध्ये तो डिस्नेकडे परतला तो तंत्रज्ञ म्हणून, आणि माझ्या मते त्याचं मोठं काम इथून पुढचं आहे. पेन्सिलचं रेखाटन थेट सेलवर, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या पारदर्शक शीटवर, उतरवण्यासाठी त्याने झेरॉक्सचं तंत्र अ‍ॅनिमेशनमध्ये आणलं. एरवी प्रत्येक चित्र शाईने हाताने गिरवावं लागे. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मधली ती असंख्य ठिपकेदार पिल्लं त्याशिवाय परवडलीच नसती. शिवाय चित्रकाराची मूळ खरखरीत रेघ पडद्यावर तशीच दिसली, ती मला फार प्रिय आहे.

'मेरी पॉपिन्स'मध्ये माणसं आणि कार्टून एकत्र आणणाऱ्या तंत्रातही त्याचा वाटा होता, त्यासाठी १९६५ मध्ये ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या 'द बर्ड्स' चित्रपटातल्या पक्ष्यांच्या दृश्यांवरही त्याने काम केलं. यावर दुसरा भाग नक्की लिहा.