चूक करू नका, होऊ द्या

साधं, सरळ, एका दमात कळेल असं लिहायची खोड असेल तर आधी ती मोडा, कारण लोकांना कळलं की लोक प्रश्न विचारतात आणि मग उत्तरं द्यावी लागतात, कुणी सांगितलेत नसते उद्योग.

पहिलं काम म्हणजे कर्ता गायब करणं. समजा तुम्ही डेटाची फाइल उडवलीत. 'मी फाइल उडवली' हे घरी आईला सांगायचं. ऑफिसात सांगायचं 'फाइल उडाली'. आपली मराठी किती दयाळू आहे बघा, एक 'व' काढून काना दिला की फाइलला पंख फुटतात आणि तुम्ही बिचारे खिडकीत उभे राहून हळहळताय! रिपोर्टात अजून एक पायरी वर: 'सदर फाइल उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले आहे.' आता तर तुम्ही गुन्हेगार सोडाच, चूक पकडणारे जागरूक कर्मचारी झालात. वर 'सखोल विश्लेषण करण्यात येत आहे' चिकटवा, कोण करतंय हे विचारायची कुणाची टाप नाही.

संशोधनाचा पेपर लिहिताय? मग आधी 'अलीकडे या विषयाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे' (तुम्हीच दिलंय, पण गप्प बसा), मग सगळ्या मोठ्या नावांची आरती, कारण त्यातलाच एखादा आपला पेपर तपासणारा रिव्ह्यूअर निघायचा, आणि मग 'तथापि'. तथापिच्या आधी पाया पडायचं, नंतर पाय ओढायचे. जॉन स्वेल्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १९९० साली हेच नीट मांडून दाखवलं, की संशोधक प्रस्तावनेत आधी प्रदेश दाखवतात, मग त्यात रिकामी जागा दाखवतात आणि मग तिथे स्वतः बसतात. त्याने फक्त वर्णन केलं होतं हो, आपण रुमाल टाकायला शिकलो.

आकड्यांचं टेन्शन नको. पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानेही असा निकाल यायची शक्यता सांगणारा आकडा) ०.०५ च्या खाली हवी आणि आली ०.०६, तर 'लक्षणीयतेकडे झुकणारा कल' लिहा. ०.०४ आली म्हणून 'फोलपणाकडे झुकणारा कल' असं आजवर कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, आकडे नेहमी आपल्याच बाजूला झुकतात, गुणी असतात.

काही लोक मध्येच काड्या घालतात. डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली प्रयोग छापले, त्यात निघालं काय, तर उगाच अवघड शब्द कोंबले की वाचकाला लिहिणारा हुशार नाही, उलट कमी अकलेचा वाटतो. पण त्या पेपरचं नावच त्याने मुद्दाम इतकं जडजंबाल ठेवलं होतं की विचारू नका, त्याच वर्षी इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. आपण निष्कर्षाकडे काणाडोळा करायचा, नाव तेवढं उचलायचं.

कुणी वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांच्या १९५३ च्या पेपरचा दाखला देईल, की बघा, जेमतेम एका पानाचा पेपर आणि सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल ती, शेवटाकडे 'आमच्या नजरेतून सुटलेली नाही' एवढ्यावर आटोपलेली. त्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे डीएनए होता. आपल्याकडे बावीस जणांनी भरलेला गूगल फॉर्म आहे, तेव्हा पानं वाढवा.

मेलचं वेगळं शिकायला नको. 'माझ्या आधीच्या मेलमध्ये नमूद केल्याप्रमाणे' म्हणजे 'डोळे फुटलेत का', आणि 'आपल्या सूचनेचं स्वागत आहे' म्हणजे सूचना गेली खड्ड्यात. शिवी तीच, फक्त इस्त्री केलेली.

मी स्वतः हे सगळं उशिरा शिकलो. पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, 'असं का झालं ते आम्हाला कळलं नाही.' सरांनी लाल पेनने आख्खी ओळ खोडली, माझ्याकडे असं बघितलं जणू मी भर वर्गात शर्ट काढलाय, आणि मार्जिनमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं, 'याची कारणमीमांसा प्रस्तुत अभ्यासाच्या व्याप्तीबाहेर आहे.' पेपर छापून आला. दोन वर्षांनी कुणीतरी त्याचा संदर्भ दिला म्हणून हुरळून उघडून बघतो तर नेमकं तेच वाक्य उचललेलं: 'पूर्वीच्या संशोधनात सिद्ध झाल्याप्रमाणे, हा प्रश्न व्याप्तीबाहेरचा आहे.'